इगर्ज आणि मतपेटी: गोव्यातील ख्रिस्ती श्रद्धा व राजकारण, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की गोव्यात दोन वाक्ये ठरलेली. हिंदू शेजारी विचारतो, "काय, यंदा फादरने कुणाला घालायला सांगितले?" आणि ख्रिस्ती मतदार कुरकुरतो, "आमचा फादर काही बोलतच नाही." दोघांचा समज एकच: मत कुणाला, हे फादरने सांगायचे असते. चर्चचा नियम मात्र वेगळा आहे. मुद्द्यावर बोलणे हे पाद्रीचे काम, पक्षात काम करणे हे घरसंसार असलेल्या सामान्य ख्रिस्ती माणसाचे. या दोहोंमधली रेघ कुठे पडते आणि कुठे पुसट होते, त्याविषयी ही उत्तरे आहेत. गोव्यातले बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक असल्यामुळे ती मुख्यतः कॅथलिकांपुरती आहेत.

"कैसराचे (रोमन सम्राटाचे) ते कैसराला, देवाचे ते देवाला" म्हणजे धर्माने राजकारणात पडू नये, असेच ना?

नाही. मार्कच्या शुभवर्तमानातला (१२:१३–१७) हा प्रसंग मुळात एक सापळा आहे. परूशी आणि हेरोदी हे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एकत्र येऊन येशूला विचारतात, रोमनांना कर द्यावा की नाही? "द्या" म्हटले तर लोक चिडणार, "देऊ नका" म्हटले तर रोमन पकडणार. येशू नाणे मागतो, त्यावर कुणाची प्रतिमा आहे ते विचारतो आणि मग ते प्रसिद्ध उत्तर देतो. नाण्यावर कैसराची प्रतिमा, म्हणून ते त्याचे. मग देवाची प्रतिमा कशावर आहे? ज्यू श्रोत्याला ते सांगावे लागत नव्हते, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे: माणसावर. म्हणजे कर द्या, पण माणूस राज्यकर्त्याच्या मालकीचा नाही. आयुष्याचे दोन कप्पे करण्याचा सल्ला यात नाही.

बायबलमध्ये सत्तेविषयी दोन सूर आहेत आणि दोन्ही वाचावे लागतात. रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणतो. प्रकटीकरणाचा १३वा अध्याय सत्तेला समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दाखवतो. सत्तेत असलेल्यांना पहिला तेरावा आवडतो, विरोधी बाकांवरच्यांना दुसरा. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्र सांगतो, माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे.

आजच्या कॅथलिक भूमिकेचा पाया दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये घातला. चर्च कुठल्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेले नाही, ते आणि राज्य आपापल्या क्षेत्रात स्वतंत्र आहेत. पण माणसाच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न आला तर राजकीय बाबींवरही नैतिक मत देण्याचा हक्क चर्च राखून ठेवते.

फादर निवडणूक का लढवत नाहीत? कायद्याने बंदी आहे?

भारतीय कायद्याने नाही. पाद्री हा इतरांसारखाच नागरिक आहे, मत देऊ शकतो, अर्जही भरू शकतो. अडवतो तो चर्चचा स्वतःचा कायदा, म्हणजे १९८३ चा कॅनन कायदा (कॅनन म्हणजे त्यातले कलम). कॅनन २८५ नुसार शासकीय सत्ता वापरावी लागते असे पद पाद्रीने घेऊ नये. कॅनन २८७ नुसार पक्षात किंवा कामगार संघटनेच्या नेतृत्वात सक्रिय भाग घेऊ नये. चर्चच्या हक्कांसाठी किंवा सर्वांच्या हितासाठी गरज आहे असे चर्चच्या सक्षम अधिकाऱ्याला, व्यवहारात बहुधा बिशपला, वाटले तर यातून सूट मिळते. कॅनन ६७२ हीच बंधने व्रतस्थ ब्रदर आणि सिस्टरनाही लावतो.

हा नियम कागदावरच राहत नाही. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य असलेले जेझुइट संघाचे पाद्री रॉबर्ट ड्रिनन यांना १९८० मध्ये पुन्हा उभे न राहण्याचा आदेश आला आणि त्यांनी तो पाळला. निकाराग्वात मंत्री झालेल्या एर्नेस्तो कार्देनाल यांच्यावर पाद्री म्हणून काम करण्यास बंदी आली, ती २०१९ मध्ये उठली. पाराग्वायचे फेर्नांदो लुगो बिशप होते. २००८ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर व्हॅटिकनने त्यांना पाद्रीपणातून मोकळे केले.

कारण अगदी गावठी आहे. एका वाड्यावर तीन पक्षांचे लोक राहतात. विगार, म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य फादर, एका पक्षाचा झाला की उरलेल्या दोन पक्षांच्या घरी मयत झाली तरी त्याला बोलावताना लोक अवघडतात.

प्रवचनात काय बोलता येते आणि काय नाही?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. तीन कायदे लागू होतात आणि तिघांची पकड वेगवेगळी आहे.

पहिला, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे किंवा मत देऊ नका म्हणणे हा भ्रष्ट आचार. २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला, की इथे फक्त उमेदवाराचा धर्म धरायचा नाही, मतदाराचाही धरायचा. त्यामुळे हिंदू उमेदवाराने "ख्रिस्ती बांधवांनो, धर्म म्हणून मला मत द्या" म्हटले तरी तो सापडतो. मात्र हे कलम उमेदवाराला, त्याच्या एजंटला किंवा त्यांच्या संमतीने बोलणाऱ्याला लागते. फादर स्वतःहून बोलले आणि उमेदवाराची संमती सिद्ध झाली नाही, तर केवळ या कलमाखाली निवडणूक रद्द होणे कठीण. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवस, ती उच्च न्यायालयात.

दुसरा, भारतीय न्याय संहितेचे कलम १७१. "अमक्याला मत दिलेस तर देवाचा कोप होईल" किंवा "सांक्रामेंत (चर्चचे संस्कार) मिळणार नाही" असे मतदाराला वाटायला लावणे हा गैरवाजवी दबाव. इथे उमेदवाराच्या संमतीचा प्रश्न येत नाही, बोलणारा थेट अडकतो.

तिसरा बहुतेकांना ठाऊकच नसतो: धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा १९८८. तो देऊळ, मशीद, इगर्ज (चर्च) सगळ्यांना लागू आहे आणि निवडणूक असो नसो, बारा महिने लागू आहे. धार्मिक संस्थेची जागा, निधी, उत्सव, मिरवणूक यांपैकी काहीही राजकीय कामासाठी वापरता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड.

आता वाक्ये घेऊन पाहू. "मतदानाच्या दिवशी घरी बसू नका" चालते. "पैसे घेऊन मत विकणे पाप आहे" चालते. "राज्यघटनेची मूल्ये मानणारा, भ्रष्टाचाराचा डाग नसलेला उमेदवार निवडा" हेही चालते, तेच सर्वांना लागू असेल तर. "आपल्या माणसाला मत द्या" चालत नाही, नाव घेतले नाही तरी. मतदारसंघात एकच ख्रिस्ती उमेदवार असताना हसत हसत केलेली सूचना ही नाव घेण्यासारखीच आहे.

घोटाळा बहुधा वेदीवर होत नाही, तो मिस (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावरच्या सूचनांत होतो. फेस्ताची (चर्चच्या सणाची) वर्गणी, पुढच्या लादाइनीची (सामूहिक प्रार्थनेची) वेळ आणि त्यातच "आमच्या छताला मदत करणारे अमुक बाब आज आपल्यात आहेत." टाळ्या होतात. कुणीतरी मोबाइलवर घेतलेले असते. म्हणून आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत सूचना लेखी असाव्यात आणि दुसऱ्या कुणीतरी आधी वाचाव्यात.

पण "चर्चचा आदेश" निघतो, असे पेपरात येते. ते खोटे का?

निघते ते मार्गदर्शन. आर्चडायोसीसचे (आर्चबिशपच्या धर्मप्रांताचे) सामाजिक न्याय आणि शांती मंडळ निवडणुकीपूर्वी मतदारांसाठी आवाहन काढते. त्यात निकष असतात, नावे नसतात. जून २०१८ मध्ये आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव यांनी भाविकांना लिहिलेल्या वार्षिक पास्टोरल पत्रात घटना धोक्यात असल्याचे म्हटले आणि कॅथलिकांनी राजकारणात सक्रिय व्हावे, पण आपल्या विवेकाने वागावे, असे सांगितले. त्यावर देशभर वाद झाला. ते पत्र राजकीय होते का? होते. पक्षीय होते का, याचे उत्तर वाचणाऱ्याने ते पूर्ण वाचून ठरवावे. मथळे वाचणारे जास्त, पत्र वाचणारे कमी.

निकषांवरून कुणाकडे बोट आहे ते लोक ओळखतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. निकष जितके एकाच विषयाचे, तितके ते बोट स्पष्ट. भ्रष्टाचार, पक्षांतर, जमीन, पाणी, अल्पसंख्याक, गरिबांचे शिक्षण असे सगळे विषय असले तर प्रत्येक उमेदवार कुठेतरी अडखळतो, आणि तसेच असायला हवे.

ख्रिस्ती मत एकगठ्ठा असते हा समजही तपासून पाहावा. उदाहरण नेहमी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचे दिले जाते: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा संघप्रदेश राहणे. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. वैध मतांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक दोन पानांना मिळाली आणि ख्रिस्ती समाज तेव्हा लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी होता. म्हणजे हजारो हिंदूंच्या मतांशिवाय तो कौल लागलाच नसता. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती २५.१ टक्के आहेत. सासष्टी, बार्देश, तिसवाडीत ते दाट आहेत, म्हणून त्या मतदारसंघांत जास्त दिसतात, इतकेच.

गावात डोंगर कापला जातोय. मिसेनंतर चर्चच्या सभागृहात बैठक घेऊ का?

घेऊ नका. १९८८ च्या कायद्यात "राजकीय काम" या शब्दांची व्याख्या रुंद आहे. पक्षाचा प्रचार तर तीत येतोच, पण राजकीय स्वरूपाच्या एखाद्या प्रश्नासाठी सभा भरवणेही येऊ शकते. डोंगरकापणी हा पर्यावरणाचा प्रश्न की राजकीय, यावर वकील दोन्हीकडून बोलतील. तुमच्या विगाराला तो वाद कोर्टात शिकायला लावण्याचे काही कारण नाही. "संस्थेच्या ताब्यातील जागा" यात सभागृह आणि पटांगण दोन्ही येतात.

पंचायत सभागृह, क्लबची जागा किंवा कुणाचे अंगण घ्या. त्याहून चांगले म्हणजे ग्रामसभा. गोव्यात ती बहुधा रविवारी सकाळीच असते. मिस सुटल्यावर चहा पिऊन घरी जाणारे तिथे गेले, तर अर्धे काम होते. ठराव तोंडी मांडू नका. सर्व्हे क्रमांकासह लेखी द्या, सचिवाकडून पोच घ्या आणि इतिवृत्तात तो जसाच्या तसा उतरला आहे का, ते पुढच्या बैठकीत पाहा. ठराव गायब होतात ते बहुतेक इथेच.

मग खाणी, कॅसिनो, जमिनी यांवर चर्च बोलते तरी का?

कारण १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढल्यापासून सामाजिक प्रश्न हा चर्चच्या शिकवणीचा भाग आहे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणाला तोच दर्जा दिला. गोव्यात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्धच्या रापणकारांच्या (पारंपरिक मच्छीमारांच्या) लढ्याला ख्रिस्ती कार्यकर्त्यांचे मोठे बळ होते. माथानी साल्ढाणा हे त्यातले सर्वांत ठळक नाव, पेशाने शिक्षक, पुढे आमदार आणि मंत्री. २०११ पर्यंतच्या जमीनवापराच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध उठलेल्या आंदोलनात हिंदू-ख्रिस्ती दोघेही रस्त्यावर होते आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारने तो आराखडा मागे घेतला. जमीन वाचवताना कुणी धर्म विचारत नाही, हा इथला अनुभव. तो निवडणुकीपर्यंत टिकत नाही, हाही.

मी पॅरिश कौन्सिलवर (गावच्या चर्चच्या सल्लागार मंडळावर) आहे. निवडणुकीला उभे राहायचे आहे. काय करू?

उभे राहा. कॅनन २२७ सांगतो की ऐहिक बाबतीत ख्रिस्ती माणसाला इतर नागरिकांइतकेच स्वातंत्र्य आहे, फक्त आपले मत हे चर्चचे मत म्हणून खपवू नये. पक्षाचे नेतृत्वपद घेणार असाल तर कॅनन ३१७ पाहा: प्रेषितकार्यासाठी असलेल्या चर्चच्या सार्वजनिक संघटनांचे प्रमुख पक्षाचे पुढारी असू नयेत.

पंचायतीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. वयाची अट २१, आणि गोव्यात पंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे कुणाच्या दाराशी तिकिटासाठी उभे राहावे लागत नाही. विधानसभेसाठी वय २५, अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना ५,०००). वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर ती जाते. खर्चाची मर्यादा गोव्यात २८ लाख. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हरलेले उमेदवार इथे हमखास चुकतात: हरलो, आता कसला हिशेब, म्हणतात.

अर्जाच्या आधी विगाराला भेटून सांगा. कौन्सिलचे पद, खजिन्याची किल्ली आणि वाड्याच्या प्रार्थना गटाचे ॲडमिनपद सोडा. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण चर्चच्या व्हॉट्सॲप गटावर तुमचे पोस्टर पडले की पहिले बोट ॲडमिनकडेच जाते. मिसेत वाचन करत असाल तर तेवढे दिवस दुसऱ्याला द्या. नियम म्हणून नव्हे, पुढच्या रांगेतल्या प्रतिस्पर्ध्याच्या बायकोलाही शांतपणे प्रार्थना करता यावी म्हणून.

उमेदवाराने फेस्ताला किंवा कोपेलाला (छोट्या चर्चला) देणगी दिली तर घ्यावी का?

आचारसंहितेच्या काळात घेऊ नये. मतदारांना वळवण्यासाठी दिलेली देणगी ही लाच ठरू शकते, मग ती रोख असो, मांडव असो की फुटबॉल स्पर्धेचा चषक. फेस्ताच्या शुभेच्छांचा फलक, त्यावर खुरीस (क्रूस) आणि शेजारी हात जोडलेला उमेदवार, हा प्रकार तर दुहेरी अडचणीचा: तो खर्चात धरला जातो आणि धार्मिक चिन्हाच्या वापराचा आक्षेपही येतो. फेस्ताचे प्रेझिदेंत बाब बहुधा "गेल्या वर्षीही दिले होते" म्हणतात. गेल्या वर्षी निवडणूक नव्हती.

देवासमोर शपथ घेतलेले आमदार पक्ष सोडतात. त्या शपथेला काही अर्थ?

कायद्यात नाही. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा इथे पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या अकरांपैकी आठ भाजपमध्ये गेले. घटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या परिशिष्टानुसार विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केले तर अपात्रतेपासून सुटण्याची वाट आहे. अकरांचे दोन तृतीयांश म्हणजे निदान आठ.

धर्माच्या बाजूने पाहिले तर डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५:३४) येशू शपथ घेऊच नका म्हणतो, तुमचे "होय" हे होय असू द्या. म्हणूनच काही ख्रिस्ती लोक विधानसभेतही "ईश्वरसाक्ष शपथ" न घेता "गांभीर्यपूर्वक दृढकथन" करतात. घटना दोन्ही मानते. मतदाराला उपयोगी पडते ते उमेदवाराचे फॉर्म २६ मधले प्रतिज्ञापत्र: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते.

गोव्यातले ख्रिस्ती लोक पोर्तुगिजांच्याच बाजूचे होते ना?

काही होते. काही हिंदूही होते. १७८७ च्या पिंटोंच्या उठावात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट करणाऱ्यांत गोमंतकीय पाद्रीच पुढे होते. बढतीत गोऱ्यांना मिळणारे झुकते माप हे त्यांचे एक दुखणे होते. चांदरच्या ख्रिस्ती घराण्यातल्या त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ च्या चळवळीनंतर आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमध्ये पेनिशच्या किल्ल्यात ठेवले गेले. त्या वर्षी १८ जूनला मडगावात लोहियांबरोबर होते ते डॉ. ज्युलियांव मिनेझिस. शेजारच्या मुंबईत टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष काका जोसेफ बाप्टिस्टा हेही कॅथलिक. दुसरी बाजूही खरी: राज्य आणि चर्च एकच झाले की काय होते, ते गोव्याने १५६० ते १८१२ या काळातल्या इन्क्विझिशनमध्ये (पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयात) भोगले. आजच्या चर्चने सत्तेपासून अंतर राखावे, याला याहून जवळचे कारण शोधायला नको.

घरचा माणूस तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) आहे, किंवा पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मत देता येते का?

तारवटी भारतीय नागरिक असेल तर कामानिमित्त बाहेर असल्यामुळे यादीतून नाव जात नाही. पण त्याला टपाली मतदान नाही, त्या दिवशी केंद्रावर हजर राहावे लागते. परदेशी राहणाऱ्या भारतीयासाठी फॉर्म ६ए, तोही प्रत्यक्ष येऊनच मत देतो. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते आणि मतही. "कार्ड अजून आहे, म्हणून घातले" हा बचाव होत नाही. नाव स्वतःहून कमी करायला फॉर्म ७.

परदेशातून आलेला निधी प्रचाराला?

अजिबात नाही. विदेशी अंशदान कायदा २०१० उमेदवार, आमदार-खासदार आणि पक्ष यांना असा पैसा घेण्यास मनाई करतो. सेवाकार्यासाठी आलेल्या पैशातून एखादी राजकीय पत्रके छापली गेली, तरी नोंदणी धोक्यात येऊ शकते.

"बिलिव्हर्स" (कॅथलिक नसलेले नवे ख्रिस्ती गट) आणि इतर पंथांचे काय?

त्यांना कॅनन कायदा लागू नाही, त्यामुळे पास्टर निवडणूक लढवू शकतो. देशाचे कायदे मात्र तेच. यहोवाचे साक्षीदार तर मतदानच करत नाहीत.

इगर्जीत किंवा आवारात प्रचार झाला तर तक्रार कुठे करायची?

आधी विगाराशी बोला. पुष्कळदा त्याला माहीतच नसते. विधानसभा-लोकसभेच्या वेळी निवडणूक आयोगाचे सी-व्हिजिल ॲप वापरता येते. फोटो किंवा व्हिडिओ त्या ॲपमधूनच घ्यावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. १०० मिनिटांत कारवाईची स्थिती कळवणे अपेक्षित आहे. निनावी तक्रार करता येते, पण मग पुढे काय झाले ते कळत नाही. फोनवर विचारायचे असेल तर १९५०. पंचायतीच्या निवडणुकीची तक्रार राज्य निवडणूक आयोगाकडे. १९८८ च्या कायद्याखालची तक्रार पोलीस ठाण्यात, आणि ती करताना जागा कुणाच्या ताब्यात आहे हे लिहायला विसरू नका. रस्त्यावरचा खुरीस अनेकदा चर्चच्या नव्हे, कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) किंवा कुणा घराण्याच्या जमिनीत असतो.